पातूरच्या घाटात लखीरामचा पाय

लखीराम गाडीत बसण्याआधी चपला काढत असे. केनवड-रिसोड रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवणारे जुने ड्रायव्हर बहुतेक तसेच करत. त्यात थोडी देवभक्ती असेल, पण मुख्य कारण वेगळे होते. त्या जीपचा ब्रेक कधी वरच लागे, कधी पार तळाला गेल्यावर. क्लच कुठे धरतो आणि कुठे सुटतो हे रोज बदले, आणि ते चपलेच्या रबरातून समजत नसे. "कान काय फक्त डोक्यालेच असतेत का?" तो नव्या ड्रायव्हरांना म्हणे. "तळपायालेबी असतेत. त्याहीनं ऐकावं."

त्याचा बंजारा तांडा केनवडपासून पायी जाण्याइतका जवळ. आईबाप दरवर्षी दिवाळी झाली की कर्नाटकात ऊसतोडीला जात आणि त्यांच्यासोबत तोही जाई. तिथे फडातून कारखान्यापर्यंत ट्रॅक्टर नेणाऱ्या माणसाला तो चहा नेऊन देई, टायर धुऊन देई, आणि त्या बदल्यात रिकामा ट्रॅक्टर फडाच्या कडेने थोडा चालवायला मिळे. कोयता त्याच्या हातून सुटला तो असा. लग्नानंतर तो एकदाही तोडीला गेला नाही. जीप दुसऱ्याची होती, पण सीट त्याची होती. तांड्यात लखीराम या नावाची आणखी दोन माणसे होती. हा मात्र डायवर. बायको रामीबाई ही डायवरची बायको, घर डायवरचे घर. पाहुण्यांना पत्ता सांगायचा तर लोक असाच सांगत.

पायाचे पहिल्यांदा लक्षात आले ते रामीबाईच्या. उन्हाळ्यात रिसोडच्या फेऱ्या मारून तो घरी आला आणि ओट्यावर पाय पसरून बसला. जीपच्या इंजिनाशेजारचा पत्रा उन्हात इतका तापतो की त्याला बोट लावले तरी हात मागे येतो. रामीबाईने पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती थबकली.

"हे काय हाये?"

"काय?"

"पाय पाह्य तुहा. टरारून फोड आला."

लखीरामने पाय उचलून मांडीवर घेतला. टाचेच्या पुढे रुपयाएवढा पांढरा फोड होता, कडेने लाल.

"गरम लागलं नाई तुले?"

"लागलं असन."

"लागलं असन म्हंजे? भाजलं की मानूस बोंबलते, मंग फोड येते. तुह्या पायानं उलटंच चालवलं."

घरात ती दोघे तांड्याच्या बोलीत बोलत. पण रागावली की रामीबाई वऱ्हाडीवर येई. भांडायला तीच भाषा बरी, असे तिचे मत होते. दुसऱ्या दिवशी ती त्याला वऱ्हाडीतच बोलत रिसोडच्या दवाखान्यात घेऊन गेली.

साखर निघाली, आणि ती आजची नव्हती. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनच्या बारीक दोऱ्याचे टोक तळपायाला लावून म्हणाले, "लागलं की हो म्हणा." लखीराम डोळे मिटून वाट पाहत बसला. बऱ्याच वेळाने डाव्या पायाला काहीतरी टोचल्यासारखे झाले आणि तो "हो" म्हणाला. डोळे उघडले तेव्हा रामीबाई भिंतीकडे पाहत होती. उजवा पाय केव्हाच तपासून झाला होता.

"काम काय करता?" डॉक्टरांनी विचारले.

"शेती," लखीराम म्हणाला.

रामीबाईने त्याच्याकडे पाहिले. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. अनवाणी फिरू नका, झोपताना रोज पाय बघत जा, म्हणाले. गाडीचा विषय निघालाच नाही, कारण शेती करणाऱ्या माणसाला कोणी गाडीचे विचारत नाही.

परतीच्या वाटेवर रामीबाई एवढेच म्हणाली, "सोड आता."

"सोडू अन काय करू? कोयता घेऊ?"

"तसं म्हनली का मी?"

"मंग काय म्हनली?"

तो विषय तिथेच बंद झाला. तळपायाने ऐकू येईना तेव्हा लखीरामने दुसऱ्या जागा शोधल्या. ब्रेक किती दाबला गेला हे गुडघ्याला थोडे समजे, मांडीला थोडे समजे, आणि इंजिनाचा आवाज तर होताच. गर्दीत तो दुसऱ्या गिअरच्या वर जात नसे. पेडल बदलताना एक नजर खाली टाकी. सोबतचे ड्रायव्हर म्हणत, लखीराम म्हातारा झाला, बैलगाडीसारखी जीप चालवते. तो हसून घेई.

पुढे जीपचा धंदाच बसला. ज्याच्या त्याच्या दारात मोटारसायकल आली, जीपला माणसे मिळेनात, आणि मालकाने ती भंगारात काढली. लखीराम काही महिने घरी होता. त्याच सुमारास उत्तमरावांचा निरोप आला.

उत्तमराव केनवडचे बागाईतदार. वांगी, टोमॅटो, सांभार म्हणजे कोथिंबीर, असा माल काढणारे. भाजी भरलेले त्यांचे प्लास्टिकचे क्यारेट लखीरामच्या जीपच्या टपावरून वर्षानुवर्षे रिसोडच्या बाजारात गेले होते. त्यांचा मुलगा आदर्श पुण्यात नोकरीला. उत्तमरावांच्या पत्नी गोजराबाई यांच्या डोळ्यांचे पडदे साखरेने खराब झाले होते आणि दर महिन्याला अकोल्याला नेऊन डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागे. बसने त्यांचे हाल होतात म्हणून आदर्शने नवी गाडी घेऊन दारात उभी केली. उत्तमरावांना स्कूटीपलीकडे काही चालवता येत नव्हते.

"परका मानूस नको," उत्तमराव म्हणाले. "तुले पाहून राह्यलो इतक्या वर्षांपासून. एक क्यारेट कधी सांडलं नाई तुहं. माहं घरचं मानूस बसनार हाये मांगं."

लखीरामने हो म्हटले. घरी आल्यावर रामीबाईने विचारले, "पायाचं सांगितलं?" तो म्हणाला, "विचारलं नाई त्याहीनं."

गाडीची माहिती आदर्शने दिली. सुट्टीवर आला होता. लखीरामला शेजारी बसवून तो मालेगावच्या बाजूला निघाला, आणि मोकळ्या रस्त्यावर आल्यावर त्याने जागा बदलली. लखीराम ऐंशीच्या वेगाला आला तेव्हा आदर्शने स्टिअरिंगवरचे एक बटण दाखवले.

"हे दाबा काका. आता पाय काढून घ्या."

"काढू?"

"काढा ना. काही होत नाही."

लखीरामने पाय काढला. गाडी मंदावली नाही. पुढे चढ आला, तिथेही ती मंदावली नाही. आपणच जरा जास्त घोंगावली आणि चढून गेली. काटा ऐंशीवर. लखीरामने खाली पाहिले. त्याचा उजवा पाय पायपुसणीवर नुसता पडला होता, काही काम नसलेल्या माणसासारखा.

"हे तं लय भारी हाये बाबू," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा चिरकला, पण आदर्शला वाटले हा नवलाईचा आनंद आहे.

"फक्त एक लक्षात ठेवा. घाटात हे लावायचं नाही. चढाला ते आपोआप पेट्रोल-डिझेल वाढवतं, पण उताराला फक्त कमी करतं. गाडी स्वतःच्या वजनानं पळायला लागली तर हे ब्रेक मारत नाही. काही गाड्यांत मारतं, आपल्या गाडीत नाही. उताराला पाय ब्रेकवर."

"घाट शिकवतं का मले?" लखीराम म्हणाला, आणि दोघे हसले.

त्यानंतरचे महिने त्याच्या आयुष्यातले बरे महिने होते. केनवडातून निघायचे, मोठ्या रस्त्याला लागले की बटण दाबायचे. पायावरचे ओझे उतरले होते आणि त्याच्यासोबत दिवसभराची धास्तीही. गर्दीच्या गावांत तो पूर्वीसारखा नजर खाली टाकत हळू चाले. बाकी सगळा रस्ता गाडी सांभाळी. रामीबाईला तो म्हणाला, "आता पायाचं कामच नाई राह्यलं." ती म्हणाली, "मंग डोक्याचं तरी राह्यलं का?"

मागच्या सीटवर गोजराबाई असत, कधी सोबत उत्तमराव. गोजराबाईंना समोरचे धुरकट दिसे, पण त्यांच्या जिभेला काही झाले नव्हते.

"लखीराम, तू बोलत काहून नाईस? जीपमधी तं माइक लावल्यासारका वरडत होता, केनवड-केनवड-रिसोड-रिसोड."

"तवा शिटा भराच्या होत्या, वयनी."

"अन आता मी एकटी भरली म्हनून तोंड शिवलं का?"

पातूरचा घाट त्याच वाटेवर येतो. मेडशी सोडली की पठार संपते आणि रस्ता जंगलातून वळणे घेत खाली उतरतो. इथवरच्या सगळ्या खेपांना तिथे रुंदीकरणाचे काम सुरू होते. एकाच बाजूने वाहतूक, पुढे मालाचे ट्रक, त्यांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जायचे. तिथे बटणाचा संबंधच येत नव्हता. इंजिनच गाडी आवरून धरी. पाय नावाला ब्रेकवर असे.

बटणाची परीक्षा झाली ती लहान उतारांवर. पुलाचा उतार, नाल्याकडे झुकणारा रस्ता. अशा ठिकाणी लखीराम काट्यावर नजर ठेवून बसे. काटा एक-दोन घरे पुढे जाई आणि परत ऐंशीवर येई. आदर्शचे म्हणणे त्याला आठवत होते, पण दर खेपेला त्यातला थोडा जोर कमी होत गेला. लहानपणापासून त्याने बैलगाडी पाहिली होती. चांगली जोडी चढाला ओढते आणि उताराला मान मागे घेऊन जू तोलून धरते. भरल्या गाडीला अंगावर येऊ देत नाही. जे जनावर ओढते तेच धरते. गाडीचेही तसेच असणार, असे त्याच्या मनाने कधीतरी ठरवून टाकले. त्याला तसे ठरवायचेच होते. धरणारे दुसरे कोणी नसेल तर ते काम पायाकडे येत होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोजराबाईंची तारीख होती. उत्तमरावांच्या मळ्यात भाजीचा तोडा सुरू होता, त्यामुळे ते आले नाहीत. सकाळची वेळ, सणानंतरचा रस्ता, ट्रक तुरळक. मेडशीच्या पुढे गेल्यावर लखीरामला दिसले की घाटातले काम संपले आहे. दोन्ही बाजू खुल्या झाल्या होत्या. काळाशार नवा रस्ता, मधोमध पांढरे पट्टे, आणि पुढे कोणी नाही. त्याने बटण तसेच ठेवले.

पहिल्या वळणाला काटा ऐंशीच्या पुढे गेला. लखीरामने वाट पाहिली. येईल मागे. इंजिन गप्प झाले होते. बटण आपले काम करत होते, डिझेल बंद करून बसले होते. पण गाडी थांबत नव्हती. समोरच्या काचेखाली ऐंशीचा आकडा उघडझाप करू लागला आणि काटा नव्वदीला टेकला. इतके दिवस हा आकडा असा लुकलुकला नव्हता.

"लखीराम," मागून गोजराबाई म्हणाल्या, "गाडी पळून राह्यली."

"नाई वयनी. ऐंशीवर बांधली हाये."

"बांधली असन. मले दिसत नाई, पन पोटात समजते ना. हळू घे."

त्याने पाय उचलला. म्हणजे मांडी उचलली; पाय तिच्यासोबत आला. मांडी डावीकडे सरकवून त्याने खाली दाबले. गाडी एकदम पुढे उसळली, इंजिन गरजले. पाय ब्रेकवर नव्हता. तो शेजारच्या पेडलवर होता, आणि हे त्याला पायाने नाही, कानाने सांगितले.

त्याने खाली पाहिले. पाहणे भाग होते. पाय कुठे आहे ते डोळ्यांनी शोधून, उचलून, हलवण्यात किती वेळ गेला ते त्याला सांगता आले नसते. मान वर केली तेव्हा वळणाच्या पलीकडून एका ट्रकचे मागचे फळकूट समोर आले होते. त्यावर रंगवलेली कमळाची फुले त्याला पाकळीपर्यंत दिसली.

मग हातांनी काम केले. डावा पाय अजून अर्धा जागा होता. त्याने क्लच दाबला, तशी बटणाची पकड आपोआप सुटली. गिअर चौथ्यात, लगेच तिसऱ्यात. इंजिन किंचाळले. त्याने स्टिअरिंग डावीकडे ओढले, डाव्या हाताने स्वतःचा उजवा गुडघा धरला, पाय पेडलवर ठेवला आणि हाताचा सगळा भार देऊन गुडघा खाली दाबला. ट्रक हॉर्न वाजवत उजवीकडून निघून गेला. गाडी खडीत घसरत कठड्याला समांतर जाऊन थांबली आणि बंद पडली.

इंजिनाचे लोखंड टिकटिक करत निवत होते.

"वयनी, लागलं का?"

"कपाय आपटलं पुढच्या शिटले. लय नाई." मग सीट चाचपत, "चष्मा पडला माहा. पाह्य बरं कुठं गेला."

लखीराम उतरला, मागचे दार उघडले. चष्मा सीटखाली होता. त्याने तो शर्टाला पुसून त्यांच्या हातात दिला. त्यांच्या कपाळावर टेंगूळ आले होते.

"काय आडवं आलं होतं? रोही?"

त्या जंगलात रोही, म्हणजे नीलगायी, रस्त्यावर येतात आणि गाड्या उलटतात, हे सगळ्यांना माहीत आहे. गोजराबाईंनी उत्तर त्याच्या हातात ठेवले होते.

"हो," लखीराम म्हणाला. "रोही."

गोजराबाईंनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"रोही आलं असतं तं तू त्याले शिवी देल्ली असती," त्या म्हणाल्या. "जीपले कुत्रं आडवं आलं तरी तू त्याच्या सात पिढ्या काढत होता. आज तुह्या तोंडातून हू का चू निघालं नाई."

लखीराम खडीवर उकिडवा बसला. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली, तिच्यावरच्या दोघांनी मान वळवून पाहिले.

"पाय समजत नाई, वयनी."

"कोनता?"

"उजवा. पार तळव्यापासून घोट्यापरेंत. ब्रेकवर हाये का दुसरीकडं, पाह्यल्याबिगर सांगता येत नाई मले."

"साखर?"

"हो."

"किती दिवसांचं?"

"जीप होती तवापासून."

गोजराबाईंच्याही पायांना मुंग्या येत. चुलीतला निखारा पावलावर पडलेला त्यांना वासावरून कळला होता. त्यांना यातले काही समजावून सांगायची गरज नव्हती. म्हणूनच बहुधा त्यांना राग आला.

"मले दिसत नाई. मी तुह्या भरवशावर डोये मिटून बसत होती. एका शब्दानं काहून नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं बसल्या असत्या का?"

"नसती बसली."

"म्हनून."

"मेली असती ना मी, लखीराम."

"हो."

त्याने ते सरळ कबूल केले. गोजराबाईंनी पदराने कपाळ दाबून धरले. मग त्या जरा वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "चाल. पहिल्या गिअरमधी टाक अन हयूहयू उतर. घरी मी कोनाले काई सांगत नाई. पुढल्या खेपेले घाटात ते बटन लावू नको म्हंजे झालं."

लखीराम उठला. ड्रायव्हरच्या सीटवर बसला, चावीला हात लावला. पहिल्या गिअरमध्ये घाट उतरून जाणे त्याला जमले असते. अकोल्यातली गर्दी, परतीचा चढ, सगळे जमले असते. त्याने खाली पाहिले. पाय ब्रेकच्या समोर नीट ठेवलेला दिसला. तो कोणी ठेवला, केव्हा ठेवला, त्याला आठवेना.

"नाई, वयनी," तो म्हणाला. "उतरा तुमी."

त्याने काचा वर केल्या, मागच्या चाकाला दगड लावला आणि गाडीला कुलूप घातले. अकोल्याकडे जाणारी एसटी आली तेव्हा तो रस्त्याच्या जवळजवळ मध्ये जाऊन हात करत उभा राहिला.

"घाटात थांबवतं का बे?" एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला. "उतार हाये का सपाट, दिसत नाई?"

"दिसते," लखीराम म्हणाला. "बाईले दवाखान्यात न्याचं हाये."

ड्रायव्हरने कठड्याजवळची गाडी पाहिली, गोजराबाईंचे कपाळ पाहिले आणि दार उघडले.

दवाखान्यात गोजराबाईंना आत घेतल्यावर त्याने बाकावरून उत्तमरावांना फोन केला. गाडी घाटात उभी आहे, एवढेच सांगितले. उत्तमरावांनी आधी बायकोचे विचारले, मग गाडीला काय झाले ते. "गाडीले काई नाई झालं, भाऊ. घरी आल्यावर सांगतो," लखीराम म्हणाला. परतताना त्याने मालेगावच्या ओळखीच्या मेकॅनिकला घाटात बोलावून चावी दिली; मेकॅनिकने संध्याकाळी गाडी केनवडला आणून लावली आणि चावी परत केली.

उत्तमरावांनी सगळे ऐकून घेतले. ते ओरडले नाहीत. गोजराबाई मधेच म्हणाल्या, "माहं डोकं फुटलं नाई, कायले वाढवता?" तर त्यांनी हातानेच गप्प राहायला सांगितले.

"रिसोडच्या बाजारातूनबी असाच चालवत होता?"

"हो."

"गेल्या दिवाळीत आदर्शच्या लेकीले बसवून गेलता गावातून. तवा?"

"तवाबी असाच."

उत्तमरावांनी पानाचा डबा उघडला, बंद केला. "तुले मी मानूस पाहून ठेवलं होतं," ते म्हणाले. चावी लखीरामने आधीच ओट्यावर ठेवली होती. ती उचलायला मात्र ते बराच वेळ पुढे झाले नाहीत.

रात्री पुण्याहून आदर्शचा फोन आला. "काका, मी सांगितलं होतं ना, उतारावर ते गाडी धरत नाही?"

"सांगितलं होतं बाबू. ऐकलंबी होतं मी."

"मग?"

लखीरामने फोन दुसऱ्या कानाला लावला. "चढाले इतकी इमानदारीनं ओढत होती," तो म्हणाला. आदर्शला हे उत्तर वाटले नाही.

रामीबाईने मात्र त्याला काहीच ऐकवले नाही, आणि तेच त्याला जड गेले. ती ऐकवेल म्हणून तो वाटभर तयारी करून आला होता. तिने जेवण वाढले. झोपण्याआधी त्याचे दोन्ही पाय मांडीवर घेऊन कंदिलासारखा मोबाइलचा उजेड धरला आणि बोटांच्या मधल्या जागा एकेक करून पाहिल्या. तिचा हात तळव्यावरून फिरत होता, हे त्याला दिसत होते.

सोयाबीनची सोंगणी लागली तेव्हा ती तांड्यातल्या बायकांच्या टोळीसोबत जाऊ लागली. धसकटात त्याला नेणे शक्य नव्हते. पायात काय शिरले ते त्याला कळले नसते. तो घरी राहून जनावरांना पाणी दाखवी, दुपारी भाजी टाकून ठेवी. तांड्यातल्या लोकांना त्याने कारण सांगितले नाही. मालकाने काढले, असा लोकांचा समज झाला, आणि काहींनी उत्तमरावांना नावे ठेवली. ते मात्र त्याने चालू दिले नाही. "भाऊले काई म्हनू नका," तो म्हणे, आणि तिथून उठून जाई.

उत्तमरावांना मनाजोगता ड्रायव्हर मिळत नव्हता. एक दारू पीत होता, एकाला मोबाइल सुटत नव्हता. दोन महिने गोजराबाई एसटीने अकोल्याला गेल्या. गाडी मळ्याजवळच्या टिनाच्या शेडात धूळ खात उभी. आदर्शने फोनवर सांगितले की अशी उभी राहिली तर बॅटरी बसेल, आठवड्यातून एकदा तरी सुरू करून ठेवा. उत्तमरावांना चावी फिरवायचीही भीती. त्यांनी निरोप धाडला, आणि लखीराम पायी आला.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. चावी फिरवायची आणि बसून राहायचे. पायाला काही काम नाही. थोड्या वेळाने बंद करायचे, दार लावायचे, चावी ओट्यावर नेऊन द्यायची. उत्तमराव चहा विचारत. साखरेचा नको म्हणून तो निघून जाई.

असाच एकदा तो बसला असता मागचे दार उघडले आणि गोजराबाई चाचपडत आत आल्या.

"कुठं चालला?"

"कुठं नाई, वयनी. बॅटरीसाठी."

"मंग मलेबी घेऊन चाल. घरात जीव उबगला." त्या सीटवर नीट मागे टेकून बसल्या. समोर टिनाची भिंत होती आणि तिला टेकवलेले रिकामे क्यारेट. गोजराबाईंना ते दिसत नव्हते, किंवा त्यांनी पाहिले नाही. "आलो का मोठ्या रस्त्याले?"

लखीरामने आरशात पाहिले. त्या चेष्टा करत होत्या, पण तोंडावर हसू नव्हते.

"आलो," तो म्हणाला.

"अन आता?"

"मालेगाव गेलं. गर्दी होती जराशी."

"कापूस कसा हाये इकडचा?"

"फुटला हाये. येचाले मानसं नाईत."

"मेडशी?"

"मेडशीबी आली."

इंजिन एका सुरात चालू होते. गोजराबाईंनी पुढच्या सीटची पाठ एका हाताने धरली.

"पुढं?"

लखीरामने चावी फिरवली. शेडात एकदम शांत झाले. मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीचा आवाज ऐकू येऊ लागला.

"काहून रे?"

"झाली असन चार्ज," तो म्हणाला.

दोघेही लगेच उतरले नाहीत. मग लखीराम खाली उतरला, गाडीला वळसा घालून गेला आणि त्यांच्या बाजूचे दार उघडून उभा राहिला.

दिवाळीनंतर शिरपूरचा एक ड्रायव्हर मिळाला. माणूस चांगला निघाला. गाडी आठवड्यातून दोन-तीनदा बाहेर निघू लागली आणि बॅटरीची काळजी राहिली नाही.